परातीतली भरती

आमच्या मेहकरच्या शाळेत समुद्र परातीत असायचा. चौथीच्या पुस्तकात समुद्रावर एक धडा होता. तो आला की हेडमास्तर गुरुजी घरून पितळेची परात मागवायचे, तीत दोन तांबे पाणी ओतायचे आणि परात एका बाजूने हळूच उचलायचे. पाणी पलीकडच्या काठाला गेलं की म्हणायचे, "हे भरती." परात टेकवली की, "हे ओहोटी." मग मुलं एका सुरात म्हणायची, चंद्राच्या आकर्षणाने समुद्राच्या पाण्यास जो चढउतार होतो त्यास भरती-ओहोटी असे म्हणतात. तीस वर्षं गुरुजींनी हा धडा शिकवला. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्या हाताखालचा मास्तर मी, मीही पाहिलेला नव्हता. पण मी एक वर्ष पुण्याला मामांकडे राहून आलो होतो, आणि आमच्या गावात तेवढ्या पुण्याईवर माणूस समुद्राबद्दलही ठामपणे बोलू शकत असे.

त्या एका वर्षाचं भांडवल मी पुढे दहा वर्षं पुरवून खाल्लं. 'मले' म्हणणाऱ्या पोराला मी 'मला' म्हणेपर्यंत उभा ठेवायचो. बाजारात भाजीवाली "काऊन मास्तर, वांगे नाही घेत?" म्हणाली तरी माझ्या कपाळाला आठी पडायची. गुरुजी माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, पण त्यांची भाषा ऐकून मला मनातल्या मनात त्यांची दया यायची. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र अभिमान वाटायचा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून यायचे आणि शुद्ध भाषा पुण्याहून. पुस्तकं मुंबईकडच्या मंडळींनी लिहिलेली असायची. त्यामुळे आमच्या मुलांना नारळाचे अकरा उपयोग तोंडपाठ होते, आणि घरासमोरच्या कपाशीच्या पऱ्हाटीबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती. अशात एका वर्षी पत्र आलं. दसऱ्यानंतर रत्नागिरीला मराठी शिक्षकांचं संमेलन भरणार होतं. सगळ्या मराठी मुलखासाठी एक नवी वाचनमाला तयार करायची होती आणि प्रत्येक भागाने आपापल्याकडच्या विषयावर एक धडा घेऊन यायचा होता. गुरुजी येत्या उन्हाळ्यात शाळेतून निवृत्त होणार होते. जाण्याआधी आपल्या पोरांच्या पुस्तकात आपल्याकडचा एक धडा यावा, एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. पत्र वाचून ते खुर्चीतून उठले आणि उगाच दोनदा वर्गाबाहेर जाऊन आले.

धडा त्यांच्याकडे होताच, लोणारच्या तळ्याचा. दरवर्षी मार्गशीर्षात ते चौथीच्या मुलांना बैलगाड्यांत घालून लोणारला न्यायचे. पहाटे निघायचं, दुपारी पोचायचं. तिथे जमिनीला एक प्रचंड गोल खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी हिरवट खारं पाणी. काठावर पोचलं की गुरुजी प्रत्येक मुलाला म्हणायचे, "पाह्य आन् एक वाक्य सांग." मूल जे बोलेल ते वहीत उतरवून घ्यायचे. असं वीस वर्षं चाललं होतं. त्या वाक्यांतली निवडक वाक्यं एकापुढे एक ठेवून त्यांनी धडा केला होता. त्यांची स्वतःची वाक्यं त्यात फार तर पाच-सहा असतील.

अक्षर वाईट म्हणून त्यांनी ती वही माझ्याकडे दिली. म्हणाले, "मास्तर, तेवढी चांगली नक्कल करून द्या." मी वही उघडली आणि हसू आवरेना. एका पोराने म्हटलं होतं, "वरून पाह्यलं तं वाटते, कोणी जमिनीत बोट खुपसून पाह्यलं, भाजली का नाही म्हणून." दुसऱ्याने, "हे पाणी म्हशीलेबी आवडत नाही, मंग देवानं कोणासाठी ठेवलं?" रंगरेजाच्या पोराने पाण्याचा वास घेऊन सांगितलं होतं, "गुरुजी, हे तळं नाही, आमच्या अब्बाचा हौद हाय. रंग टाकाचा राह्यला." ही अशी भाषा घेऊन पुण्या-मुंबईच्या विद्वानांपुढे जायचं? मी लाल शाईची दौत काढली.

तीन दिवस खपून मी तो धडा शुद्ध केला. 'सभोवती वनश्रीने नटलेले हे विस्तीर्ण सरोवर पाहून कोणाचे चित्त प्रसन्न होणार नाही?' अशी सुरुवात केली. भाजलं की नाही ते काढलं. म्हैस काढली. रंगरेजाच्या हौदावर तर अशी आडवी रेघ मारली की कागद फाटला. गुरुजींनी माझी प्रत वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "अक्षर सुंदर हाय." मी ती पसंती समजलो. त्यांनी जुनी वही मात्र आपल्या कापडी पिशवीत ठेवली. मी म्हटलं, आता तिचं काय काम? तर म्हणाले, "राहू द्या. कोणी इचारलं तं दाखवता येईन."

मोटारीने खामगाव, तिथून आगगाडीने मुंबई आणि मुंबईहून आगबोट. आगबोटीवर गुरुजींनी अंगावर उपरणं घेतलं, डोळे मिटले आणि जे ओकायला सुरुवात केली ती रत्नागिरीचं बंदर येईपर्यंत. मी त्यांची पाठ चोळत होतो आणि अधूनमधून स्वतःसाठीही कठड्याकडे धावत होतो. अशा रीतीने आम्ही दोघांनी सगळा प्रवास समुद्रावर केला आणि समुद्र पाहिला नाही. बंदरात आगबोट लांब उभी राहिली. तिथून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवलं, आणि पडावातून एका खलाशाने गुरुजींना खांद्यावर घेऊन किनाऱ्याला आणून ठेवलं. स्वागताला आलेल्या मंडळींनी लगेच छातीला बिल्ला लावला आणि थेट मंडपात नेऊन बसवलं.

संमेलन तीन दिवस होतं. पहिल्या दिवशी स्वागत झालं. स्वागताध्यक्षांनी अध्यक्षांचं स्वागत केलं, अध्यक्षांनी त्याबद्दल स्वागताध्यक्षांचे आभार मानले. मग आभार मानल्याबद्दल कोणीतरी संतोष व्यक्त केला. प्रत्येकजण "मी आपला फार वेळ घेणार नाही" म्हणून उभा राहायचा आणि तासाभराने बसायचा. ज्यांनी चाळीस वर्षांत प्राथमिक शाळेचा उंबरा ओलांडला नसेल अशा गृहस्थांनी बालमनावर दीड तास व्याख्यान दिलं. आम्हा वऱ्हाडकरांना शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे जागा होती. शेजारच्या पाहुण्यांनी मला मोठ्या आस्थेने विचारलं, "तुमच्याकडे घरीसुद्धा मराठीच बोलतात का?" मी माझ्या सर्वोत्तम पुणेरीत "अर्थात" म्हणालो. त्यांनी शाबासकी दिल्यासारखी मान हलवली आणि मी, खोटं कशाला सांगू, खूश झालो.

आमची उतरायची सोय एका वकीलसाहेबांकडे होती. घर स्वच्छ, मागे सुपारीची बाग, माणसं प्रेमळ. फक्त सकाळी भात, दुपारी भात आणि संध्याकाळी, आश्चर्य नको म्हणून, भात. दुसऱ्या दिवशी गुरुजी हळूच मला म्हणाले, "मास्तर, भाकर हे लोक सणालेच करतात काय?"

त्याच दिवशी दुपारी मंडपात नारळाच्या शैक्षणिक महत्त्वावर चर्चा सुरू झाली. गुरुजींनी माझा कोट ओढला. "चला. तीस वर्षं ऐकलं हे." आम्ही खांबाच्या मागून सटकलो. शेवटच्या रांगेचा तेवढा फायदा झाला.

मग आम्ही शहर पाहिलं. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी राज्य घेऊन इथे आणून ठेवलं होतं, त्याचा लाल राजवाडा पाहिला. तो राजा मरेपर्यंत इथेच राहिला आणि रोज गच्चीतून समुद्राकडे बघायचा, असं वकीलसाहेबांनी सांगितलं होतं. गुरुजी बराच वेळ त्या गच्चीकडे पाहत उभे राहिले. "त्यालेबी रोज भातच देत असतीन," ते कळवळून म्हणाले. किल्ल्याची चढण चढायला त्यांचे गुडघे तयार नव्हते, म्हणून तो खालूनच पाहून घेतला. मासळीबाजारातून जाताना दोघांनी नाकाला उपरणी लावली. एका म्हातारीने ते पाहून आपल्या शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि त्या दोघी पोट धरधरून हसल्या. चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या, त्या बुटक्या दगडी कुंपणांमधल्या, गल्लीतून उतरत उतरत आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर आलो, आणि समोर एकदम काहीच नव्हतं, फक्त पाणी.

गुरुजी थांबले. टोपी काढून हातात घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर डोळे भरून आले होते. मलाही गहिवरून आलं, पण मी पुण्याचा, मी खाकरलो. मग ते पायाखाली बघून म्हणाले, "मास्तर, अरे हे वाळू तं काळी हाय! पुस्तकात पांढरी लिहेल हाय. हे आपलीच जमीन. कापूस येईन इथी." पुढे जाऊन त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरली आणि समाधानाने म्हणाले, "आपल्या लोणारवाणी नाही. आपलं जास्त कडू."

आता त्या दगडाचं सांगतो. आम्ही पैनगंगेच्या काठची माणसं. नदीत उतरायचं तर चपला, छत्री, पिशवी, सगळं पाण्याजवळच्या दगडावर ठेवायचं आणि खुशाल पाण्यात जायचं, हे आम्हाला कोणी शिकवत नाही, ते हातापायांतच असतं. नदी पुढे जाते, काठावर चढून येत नाही. निदान दसऱ्यानंतर तरी नाही. पाण्यापासून दहा-बारा पावलांवर एक छानसा उंच दगड होता. तो मीच दाखवला. त्याला वरपर्यंत बारीक शिंपले चिकटलेले होते आणि माथा ओलसर होता. गुरुजींनी विचारलं, "हा ओला काऊन?" मी म्हटलं, "समुद्राकाठची हवा दमट असते, गुरुजी." मामांच्या घरी हे कोणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. गुरुजींनी चपला, छत्री आणि पिशवी त्या दगडावर ठेवली. मी जोडे ठेवले. कोट मात्र काढला नाही. पुण्याला मी शिकलो होतो की चारचौघांत कोट काढत नाहीत.

थोडं पुढे कोळी लोक रापण ओढत होते. समुद्रात लांब अर्धगोल जाळं टाकलेलं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं लागलेली. गुरुजी बघत उभे राहिले. एका म्हाताऱ्या कोळ्याने त्यांना हाताने बोलावलं. माझे हेडमास्तर, शाळा तपासायला डेप्युटीसाहेब आले तरी खुर्चीतून सावकाश उठणारे, धोतराचा काचा मारून धावले आणि दोराला लागले. मीही लागलो. कोट घालून. तासभर तरी आम्ही ओढत होतो. हात सोलले, कंबर गेली, पण तो तास माझ्या आयुष्यातला चांगल्यातला होता. जाळं वर आलं, चांदीसारखी मासळी तडफडू लागली, आणि ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, हा त्यांचा रिवाज म्हणून म्हाताऱ्याने गुरुजींच्या पुढ्यात सहा मासे ठेवले. गुरुजी दोन पावलं मागे सरकले, हात जोडले. "आमच्यात चालत नाही, दादा. पण तुमी देल्लं, आमाले पावलं."

मग ते वळले. मला म्हणाले, "मास्तर, आपला दगड कुठी गेला?"

मी पाहिलं. जिथे दगड होता तिथे पाणी होतं. शांत, जणू कायमचं तिथलंच. म्हातारा कोळी कपाळाला हात लावून ओरडला, "अवो, भरती लागलीय कवाची! थितं कोण ठेवतो वस्तू?" त्याची दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात धावली. त्यांनी छत्री आणली. माझा डावा जोडा आणला. पिशवीसाठी पुन्हा गेली, आणि हात हलवत परत आली. गुरुजी त्या पाण्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांतून सवयीने निघालं, "चंद्राच्या आकर्षणाने समुद्राच्या पाण्यास..." आणि ते थांबले. पुढचं तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आठवलं नाही, की म्हणवलं नाही.

मी त्यांचा हात धरला आणि, देवा, काय उत्साहाने म्हणालो, "गुरुजी, काळजी करू नका. शुद्ध प्रत माझ्या खिशात कोरडी आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "तुमची प्रत हाय."

तिसऱ्या दिवशी धड्यांचं वाचन होतं. गुरुजी वकीलसाहेबांच्या चपला घालून आले होते, त्या दोन बोटं मोठ्या होत्या. वऱ्हाडचं नाव पुकारलं गेलं. गुरुजींनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, आणि फार छान वाचलं. वनश्री, विस्तीर्ण, चित्त, प्रसन्न, सगळं जिथल्या तिथे ठणठणीत वाजलं. टाळ्या झाल्या. पहिल्या दिवशीचे शेजारी पाहुणे मोठ्याने म्हणाले, "वऱ्हाडच्या माणसाने लिहिलंय असं मुळीच वाटत नाही हो!" माझी छाती फुगली.

अध्यक्षांनी कागद हातात घेतला, वरखाली पाहिला. ते खरोखर सज्जन गृहस्थ होते, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ते म्हणाले, "भाषा निर्दोष आहे. पण मला सांगा, यात वऱ्हाडचं असं काय आहे? हे सरोवर कुठेही असू शकेल. आमच्याकडच्या एखाद्या तळ्यावर लिहिलेलं म्हणूनही खपेल. मग वेगळा धडा कशाला?"

गुरुजी उभे राहिले. त्या मोठ्या चपलांत पुढे झाले. "साहेब, ते वहीत होतं."

"मग वही दाखवा ना."

"वही समुद्रात हाय."

तीन दिवसांत मंडप एवढा हसला नव्हता. पुढच्या रांगेतल्या स्त्रियाही पदर तोंडाला लावून हसल्या. गुरुजी हसू ओसरायची वाट पाहत उभे होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. वऱ्हाडच्या धड्याची जागा रिकामी राहू नये म्हणून तिथे नारळावर आणखी एक धडा घ्यावा, असा ठराव एकमताने संमत झाला. एकमताने म्हणजे मीही हात वर केला होता. सगळ्यांनी केला म्हणून केला. गुरुजींचा हात मांडीवर होता, हे मी तिरक्या नजरेने पाहिलं.

परत येताना आगबोटीवर मी त्यांना म्हटलं, "पुन्हा लिहू या, गुरुजी. तुम्हाला आठवत असेलच." ते म्हणाले, "माहं मले आठवते. पण ते माहं कुठी होतं? वीस वर्षाचे पोरं परत लहान करून आणता का तुमी?" त्या प्रवासात त्यांना मळमळलं नाही. ते कठड्याला धरून पाण्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

मेहकरला आल्यावर मी झोपेतही ती वही आठवायचा प्रयत्न केला. गंमत अशी की मला फक्त मी लाल शाईने खोडलेली वाक्यं आठवत होती, तीही तीनच. जी हसण्यासारखीही वाटली नाहीत, ती मी वाचलीच नव्हती धड. मग मला एक युक्ती सुचली. मार्गशीर्ष आला होता. गुरुजींची ही शेवटची लोणारची सहल. मी बाजारातून नवी वही आणली, लाल शाई घरी ठेवली आणि गाडीत बसलो. ठरवलं होतं की पोरं बोलतील ते, जसंच्या तसं, कानामात्रा न बदलता लिहून गुरुजींच्या हातात ठेवायचं. एवढं केलं तर थोडं तरी फिटेल असं मला वाटत होतं.

दुपारी काठावर पोचलो. गुरुजी उतरणीवरून खाली जाताना चपला हातात घेऊन चालले होते. रत्नागिरीपासून पाणी दिसलं की ते चपला हातात घ्यायचे. लोणारच्या तळ्याला भरती येत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते एका झाडाखाली बसले. "आता तुमीच इचारा, मास्तर."

मी वही उघडली, पेन काढलं, चेहरा शक्य तेवढा मऊ केला. म्हणालो, "बघा आणि एकेक वाक्य सांगा. मनात येईल ते. कसंही चालेल."

मुलांनी माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. गाडीत सकाळभर "अबे, काऊन ढकलतं बे?" करत आलेली ही पोरं हाताची घडी घालून ताठ उभी राहिली. पहिला म्हणाला, "हे सरोवर विस्तीर्ण आहे." दुसरा म्हणाला, "सरोवराचा देखावा मनोहर आहे." तिसरा रंगरेजाच्याच घरातला होता. वास घेऊन बोलणाऱ्याचा धाकटा भाऊ. मी त्याच्याकडे आशेने पाहिलं. त्याने नाक वर केलं, वास घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझी नजर पाहून मिटलं आणि म्हणाला, "येथील हवा आल्हाददायक आहे, सर." एकानेही 'मले' म्हटलं नाही. मीच शिकवलं होतं त्यांना. चांगलं शिकवलं होतं.

बावीस मुलांची बावीस वाक्यं मी लिहिली आणि वही गुरुजींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत सगळी वाचली. पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"मास्तर," ते म्हणाले, "यात खोडाले काईच नाही."